घर ते टेबल, ताशी पंधरा

सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "किती वेळ लागतो?" या दोन प्रश्नांच्या मध्ये एक व्यस्त त्रैराशिक दडलेलं असतं. पहिल्या उत्तरातला आकडा चढला की दुसऱ्यातला उतरलाच पाहिजे, अशी विचारणाऱ्याची पक्की समजूत असते. आठ हजारांच्या सायकलला चाळीस मिनिटं लागत असतील, तर ऐंशी हजारांच्या सायकलला चारच लागावीत. आणि सायकल लाखाच्या वर गेली असेल, तर गृहस्थ घरून निघण्याआधीच ऑफिसात पोहोचलेले असायला हवेत.

उत्तर देणाऱ्याची पंचाईत अशी, की हे त्रैराशिक त्यालाही मान्य असतं. सायकल घेताना ते त्याने मनात मांडलेलं असतं, बऱ्याचदा घरच्यांसमोर मोठ्याने म्हणूनही दाखवलेलं असतं. त्यामुळे तो किंमत सांगताना थोडी कमी सांगतो आणि वेळ सांगतानाही थोडा कमी सांगतो. दोन्हीकडे सूट दिल्यावर कुठलं गणित जुळणार?

पुण्यात या गणिताला विशेष धार आहे. हे शहर एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, आणि त्या काळात हे दोन्ही प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. सायकल सगळ्यांची सारखीच असायची: काळी, दांडीवाली, २८ इंची चाकांची, वीस किलोच्या आसपास वजनाची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, आणि पुढच्याचा वेग तोच आपला वेग. हॅन्डलला नगरपालिकेचा बिल्ला असला आणि रात्री दिवा लागत असला की सायकल सुसज्ज झाली. दिवा नसेल तर चौकातला पोलीस दिसेपर्यंत चालवायची, मग उतरून हातात धरून त्याच्यासमोरून सज्जनपणे चालत जायचं, आणि तो मागे पडला की परत टांग मारायची. वेगावरचं नियंत्रण म्हणजे एवढंच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवणं हाही धंद्याचा भाग होता. हल्लीचा दुकानदार सायकल कशी चालवावी हे शिकवत नाही, कुठली चालवावी हे शिकवतो. त्याची शिकवणी किमतीतच धरलेली असते.

दुकानात शिरलं की आपल्याला आधी आपला 'यूज' विचारतात. "ऑफिसला जायचंय," असं सांगितलं की विकणाऱ्या मुलाचा चेहरा जरा पडतो. त्याच्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या सायकली घाट जिंकण्यासाठी, रानातले ओढे ओलांडण्यासाठी आणि पदकं मिळवण्यासाठी घडवलेल्या असतात. सकाळी साडेनऊला स्वारगेटच्या चौकात पीएमपीच्या बसमागे उभं राहण्यासाठी त्यातली एकही घडवलेली नसते. पण मुलगा धीर सोडत नाही. "मग सर, हायब्रिड बघा," म्हणतो. हायब्रिड म्हणजे शर्यतीत मागे पडणारी आणि डोंगरात खिळखिळी होणारी सायकल. अर्थात ऑफिसला जायला अगदी योग्य.

मग गिअरचा विषय निघतो. पुढे तीन चकत्या, मागे सात. सात त्रिक एकवीस. एकवीसवाल्याला चोवीसवाल्यासमोर उगाच ओशाळल्यासारखं होतं, आणि चोवीसवाला सत्तावीसवाल्याला टाळतो. खरं म्हणजे यातल्या बऱ्याच जोड्यांचा परिणाम एकसारखाच असतो. शहरात माणूस दोन-तीन गिअर वापरतो, बाकीचे पावसाळ्यात गंजतात. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांचा तर चालत्या सायकलचे गिअर बदलण्यावरच राग होता. आघाडीच्या स्पर्धकांना ही सोय वापरायला मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं करून परत बसवायचं आणि मग चढायला लागायचं, अशी रीत होती; चाकाच्या एका बाजूला सपाटीचं दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला चढाचं. म्हणजे आल्प्सला दोन गिअर पुरत होते. कोथरूडला सत्तावीस लागतात.

आता नमुन्यादाखल कोथरूड ते कॅम्प हाच रस्ता घेऊ: नळ स्टॉप, डेक्कन, अलका चौक, टिळक रोड, स्वारगेट आणि पुढे कॅम्प. अंतर दहा किलोमीटर धरू. या वाटेवर सकाळी तीन जातींचे सायकलवाले दिसतात. पहिला कार्बनवाला. त्याच्या अंगाला चिकटून बसलेला, पाच रंगांचा शर्ट असतो. त्यावर ज्या कंपन्यांची नावं असतात त्यांनी त्याला कधी एक रुपया दिलेला नसतो, उलट शर्टाचे पैसे त्यानेच दिलेले असतात. दुसरे काका. इस्त्रीचा शर्ट, उजव्या पायाला पँट अडकू नये म्हणून लावलेलं रबरबँड, कॅरिअरला क्लिपमध्ये अडकवलेली कापडी पिशवी. तिसरा दूधवाला, रतीब घालून रिकाम्या कॅनचा खडखडाट करत चाललेला.

नळ स्टॉपच्या सिग्नलला सगळ्यांत आधी पोहोचतो तो कार्बनवाला. त्यामुळे तांबड्या दिव्याचं साग्रसंगीत दर्शन त्यालाच घडतं. आकडा ८७ दाखवत असतो. तो एक पाय टेकून ८६, ८५ मोजायला लागतो. चाळिसाच्या सुमाराला काका येऊन शेजारी उभे राहतात आणि त्याच्या सायकलकडे पाहून पहिला प्रश्न विचारतात. दूधवाल्याला मात्र हे सिग्नल पाठ असतात. तो शंभर पावलं मागेच पायडल मारायचं थांबवतो, सायकल आपापली येऊ देतो, आकडा दोनवर असताना गर्दीच्या कडेला लागतो आणि दिवा हिरवा झाला की पाय न टेकता दोघांच्या पुढून निघून जातो. तेव्हा कार्बनवाला आपला बूट पायडलच्या खाचेत अडकवायची खटपट करत असतो आणि मागचा रिक्षावाला त्याला त्याबद्दल उत्तेजन देत असतो.

यात दूधवाल्याची कसलीही चलाखी नाही, शाळेतलं शास्त्र आहे. गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे ताशी २५ किलोमीटरने येऊन थांबणारा ब्रेकच्या रबरात जेवढी मेहनत जाळतो, ती त्याच वजनाच्या, ताशी १५ ने येऊन थांबणाऱ्याच्या पावणेतीन पट असते. वाटेत दहा सिग्नल लागले की ही होळी दहा वेळा पेटते. या बाबतीत दुकानदाराने गळ्यात मारलेले डिस्क ब्रेक खरोखर उत्तम असतात. घाम गाळून कमावलेला वेग ते एका क्षणात, पूर्णपणे आणि आवाज न करता काढून घेतात.

मिनिटांचा हिशेबही करून टाकू. दहा किलोमीटर ताशी २० ने गेलं तर ३० मिनिटं लागतात, ताशी २५ ने गेलं तर २४. फायदा सहा मिनिटांचा. दहा सिग्नलवर सरासरी चाळीस-चाळीस सेकंद उभं राहिलं तर जातात ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून जास्त. ही सहा मिनिटं वाचवण्यासाठी माणसाने हजारो रुपये मोजलेले असतात, आणि घालवलेली साडेसहा मिनिटं शहराने त्याला विनामूल्य दिलेली असतात. शिवाय वाचलेल्या सहातला बराच वेळ पुढच्या तांबड्या दिव्याखाली लवकर येऊन उभं राहण्यात खर्च होतो, ते वेगळंच.

वेग वाढवायला जी किंमत पडते ती मुख्यतः वारा वसूल करतो. सपाट रस्त्यावर ताठ बसून ताशी १५ ने जाणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण ५० वॅट खर्चावे लागतात. ताशी ३० ने जायचं म्हटलं तर अडीचशेच्या आसपास. वेग दुप्पट, मेहनत पाचपट. कारण वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. घरातला छताचा साधा पंखा ७५ वॅट घेतो. म्हणजे काका पंख्याहून कमी खर्चात ऑफिसला जातात. कार्बनवाला तीन पंखे चालतील एवढी ताकद लावतो आणि तरी घामाने निथळतो.

यावर उपाय म्हणून तो वाकतो. वाकलेल्या हॅन्डलची, चपट्या आऱ्यांची, निमुळत्या हेल्मेटची खरेदी होते. पण वाऱ्याला अडवण्यात मोठा वाटा सायकलचा नसतोच, वर बसलेल्या माणसाचा असतो. सगळ्यात आधी निमुळता करायला हवा तो माणूस. हा भाग दुकानात मिळत नाही, आणि घरी तो रोज दोन वेळा व्यवस्थित वाढला जातो. २०२२ च्या ऑक्टोबरात फिलिप्पो गान्ना या इटालियन गड्याने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनच्या ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला. त्याच्या सायकलला ब्रेक नव्हते, गिअर एकच होता आणि वाटेत एकही लग्नाची वरात नव्हती. एवढं सगळं करून तो तासाभराने जिथून निघाला होता त्याच ट्रॅकवर होता. ऑफिसला जाणाऱ्याला ही सोय नसते.

पुण्याचा भूगोलही या वेगाच्या गप्पांना खतपाणी घालतो. कोथरूड उंचावर आहे आणि डेक्कन नदीकाठी. म्हणून सकाळी जाताना उतार. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे सकाळी पूर्वेकडे निघालेल्या नोकरदाराला तो पाठीमागून ढकलतो. नवे टायर टाकलेला माणूस त्या दिवशी ऑफिसात जाहीर करतो, "टायरने जबरदस्त फरक पडला!" संध्याकाळी तोच माणूस त्याच टायरांवर चढ चढत, समोरून येणारा वारा खात परततो. तेव्हा तो फरक कुणाला सांगत नाही. सकाळचं श्रेय टायरला आणि संध्याकाळचा दोष ऑफिसातल्या कामाच्या ताणाला, अशी ही विभागणी आहे.

टायरनंतर येतं वजन. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा नियम केलेला आहे. ऑफिसला जाणाऱ्याला हा नियम लागू नाही याचा फार आनंद होतो. तो दोन किलो कमी वजनाची सायकल घेतो. त्यातल्या एकेका किलोची किंमत सोन्याच्या पेढीवर सांगावी तशी हळू आवाजात सांगितली जाते. एवढी महाग सायकल चोरीला जाऊ नये म्हणून मग तो दीड किलोची साखळी आणि कुलूप घेतो. पाठीला लॅपटॉप, चार्जर, पोळीभाजीचा डबा, ताकाची बाटली, बदलायचे कपडे आणि बदलायचे बूट. हे सगळं लादून झाल्यावर तो सायकल एका बोटाने उचलून दाखवतो.

त्या दोन किलोंचा खरा हिशेब असा आहे. शंभर मीटर उंचीचा चढ असेल आणि माणूस शंभर वॅटने पायडल मारत असेल, तर दोन किलो कमी असल्याने वाचतात सुमारे २० सेकंद. शंभर मीटर म्हणजे तीसेक मजली इमारत. तेवढं चढून वाचवलेले २० सेकंद खाली पार्किंगमध्ये कुलपाची किल्ली कुठल्या कप्प्यात आहे ते शोधताना परत केले जातात, बहुधा व्याजासकट.

वजन कमी करताना कंपनीने काय काय काढून टाकलेलं असतं ते सायकल घरी आल्यावर कळतं. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही, दिवा नाही आणि घंटीही नाही. काळ्या सायकलवर हे बहुतेक सगळं आईच्या पोटातूनच यायचं. नव्या सायकलवर ते नसण्याचे पैसे आधी द्यायचे आणि मग ते बसवून घेण्याचे पैसे निराळे द्यायचे, अशी पद्धत आहे. बरं, निम्म्या गोष्टी बसवायला तिला जागाच ठेवलेली नसते. कॅरिअरसाठी भोकं नसतात, आणि मडगार्ड बसवावं तर टायर आणि दांडीच्या मध्ये कागद सरकेल एवढीच फट असते.

मडगार्डची किंमत जूनच्या पहिल्या पावसात कळते. मागचं चाक रस्त्यावरचा चिखल उचलतं आणि कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ रेघ ओढतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये हा माणूस शिरला की मागे उभ्या असलेल्यांना तो कुठल्या रस्त्याने आला ते वाचता येतं: इथे कर्वे रोडची खोदाई, इथे टिळक रोडचं डबकं, मानेजवळ स्वारगेट. चेनकव्हर नसल्याचा पुरावा उजव्या पोटरीवर, काळ्या ग्रीसच्या दात्यांच्या रूपात. घंटी नसल्याने तो तोंडाने "साइड, साइड" ओरडत येतो, आणि पुढे चालणारे आजोबा थांबून, वळून, "काय म्हणालात?" असं विचारतात. सायकलवरचं सगळ्यात हलकं आणि स्वस्त उपकरण काढून टाकल्यामुळे सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे.

स्टँड नसण्याचं दुःख ऑफिसच्या दारात सुरू होतं. सायकल उभी राहात नाही, तिला टेकायला काहीतरी लागतं. भिंतीला टेकवावी तर वॉचमन म्हणतो, "रंग खराब होतो, साहेब." झाडाला टेकवावी तर झाड साहेबांच्या गाडीचं असतं. शेजारच्या वाड्याच्या दारावर पाटी असते: 'येथे सायकली लावू नयेत. लावल्यास हवा सोडण्यात येईल.' या पाटीत चालकाच्या सोयीचा विचार नसला तरी प्रामाणिकपणा असतो. काका तोवर आपली सायकल पायाने स्टँडवर घेऊन, मागच्या चाकाचं घोड्याच्या नालासारखं कुलूप खटकन लावून, वर जाऊन चहा मागवून बसलेले असतात.

कार्बनवाल्याची खरी स्पर्धा यानंतर सुरू होते. खाचेत अडकणाऱ्या बुटांना खाली टणक तुकडा असतो, त्यामुळे तो ऑफिसच्या फरशीवरून टॉक टॉक वाजत चालतो आणि ओल्या फरशीवर भिंत धरून चालतो. त्याच्या चड्डीला आतून गादी शिवलेली असते. ती कशासाठी आहे हे सायकलवर बसल्यावर कळतं आणि लिफ्टमध्ये उभं राहिल्यावर समजावून सांगता येत नाही. वॉशरूममध्ये जाऊन, ओल्या नॅपकिनने अंग पुसून, पावडर लावून, शर्ट घालून तो बाहेर येतो. पण ताशी २५ ने आलेल्या माणसाचं शरीर शर्ट घातल्यावरही पंधरा-वीस मिनिटं घाम काढतच राहतं. साडेदहाच्या मीटिंगमध्ये तो एसीच्या झोताखाली बसतो. सहा मिनिटं वाचवून तो वीस मिनिटं सुकत असतो. काका ताशी तेराने आलेले असतात. त्यांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा अजून मोडलेली नसते.

वाटेत हवा गेली तर आणखी एक कसोटी. काळ्या सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह असतो जुन्या घडणीचा, ज्याच्यावर रबराची छोटी नळी चढवलेली असते. ती गेली तर कुठल्याही चौकातला पंक्चरवाला डबीतून काढून नवी चढवून देतो. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा मिळते. शर्यतीच्या सायकलला मात्र फ्रेंच घडणीचा, पेन्सिलच्या टोकाएवढा बारीक व्हॉल्व्ह असतो. पंक्चरवाला आपली नळी त्याला लावून पाहतो, हवा चारी बाजूंनी निघून जाते, मग तो चष्मा वर करून विचारतो, "परदेशातली आहे का?" या व्हॉल्व्हसाठी पितळेची एक चिमुकली टोपी मिळते. वजन काही ग्रॅम, किंमत चहाएवढी. पण वजन कमी ठेवण्याच्या निश्चयामुळे नेमकी तीच घरी राहिलेली असते.

एवढं सगळं झाल्यावरही कार्बनवाल्याचा मोबाईल सांगतो की आजचा सरासरी वेग ताशी २४. तोही खोटं बोलत नाही. त्या अ‍ॅपमध्ये अशी सोय असते की चाक थांबलं की घड्याळही थांबतं. सिग्नलला उभे आहात? धरलं नाही. रेल्वेचं फाटक? धरलं नाही. रस्त्यात चेन पडली, ती बसवायला दहा मिनिटं गेली? माफ. हिशेबाची ही पद्धत घरखर्चाला लावली तर महिनाअखेर कुणालाच चणचण भासणार नाही. अडचण एवढीच की ऑफिसातलं अंगठा लावायचं यंत्र ती मान्य करत नाही.

आता लांब पल्ल्याची सायकल चालवणारे लोक बघा. ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. त्यात घड्याळ सुरू झालं की थांबत नाही. जेवण, पंक्चर, वडापाव, झाडाखालची डुलकी, सगळं त्याच साडेतेरा तासांत. भागाकार केला तर वेग येतो ताशी पंधराच्याही आत. ६०० किलोमीटरला ४० तास, तिथेही बरोबर ताशी पंधरा. जगभरात ज्या वेगाने चालवणाऱ्याला पदक मिळतं, तो आमच्या काकांचा भाजी आणायला जाण्याचा वेग आहे. फरक एवढाच, की काका तो ६०० किलोमीटर टिकवत नाहीत आणि ब्रेव्हेवाल्यांना परत येताना कोथिंबीर आणावी लागत नाही.

शहाण्या शहरांनी हे ओळखलेलं आहे. कोपनहेगनच्या नोरब्रोगाद या रस्त्यावरचे सिग्नल सायकलवाल्यांसाठी ताशी २० च्या वेगाला जुळवलेले आहेत. त्या वेगाने शांतपणे चालवत राहिलं की एकामागून एक हिरवे दिवे लागत जातात. ताशी २८ ने गेलात तर दर चौकात तांबडा. तिथला कार्बनवाला रोज सकाळी सरकारी खर्चाने शहाणा होतो. आणि डच माणूस ऑफिसला कशावर जातो? ताठ बसायच्या, जड, मडगार्ड-कॅरिअर-दिवा-चेनकव्हर लावलेल्या सायकलवर, जी आपल्या काळ्या सायकलची सख्खी चुलतबहीण शोभावी. आपण आपली रद्दीबरोबर भंगारवाल्याला घातली आणि वेगाच्या मागे लागलो. त्यांनी आपली गंजू दिली, पण सोडली नाही.

याचा अर्थ सामानाने वेग वाढतच नाही असा नाही. वाढतो, पण ज्या सामानाने वाढतो त्याच्याबद्दल कुणाला सांगावंसं वाटत नाही, कारण ते सांगण्यासारखं नसतं. परवा आमचा कार्बनवाला रस्त्याकडेच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पिंपळाखालचं दुकान, एक घमेलं पाणी, एक हातपंप, पान्ह्यांचा डबा आणि छर्ऱ्यांनी भरलेली श्रीखंडाची बरणी. कार्बनवाल्याने विचारलं, "काका, हिला अजून काय बसवलं म्हणजे फास्ट होईल?"

दुरुस्तीवाल्याने सायकलभोवती एक चक्कर मारली. मागचा टायर अंगठ्याने दाबला. तो मऊ लागला. मागचं चाक उचलून फिरवलं. दीड वेढ्यात थांबलं, ब्रेक घासत होता. चेनवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. कोरडी, वर धूळ. मग सीटकडे पाहिलं, कार्बनवाल्याच्या पायांच्या लांबीकडे पाहिलं आणि काही न बोलता सीट दोन बोटं वर घेतली. ब्रेकची तार एक आटा सैल केली. चेनवर तेलाचे थेंब सोडून जुन्या बनियनच्या तुकड्याने ती पुसली. डब्यातून पितळेची टोपी काढून त्या पेन्सिलीसारख्या व्हॉल्व्हवर चढवली आणि टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरली.

"झालं?" कार्बनवाला म्हणाला. "बसवलं काहीच नाहीत."

"निघता किती वाजता घरून?"

"नऊ वीस."

"नऊला निघत जा."

या वाक्यावर कार्बनवाला गप्प झाला. नऊला निघणं कुठल्या दुकानात मिळत नाही, हप्त्यावरही मिळत नाही आणि कार्बनचं तर अजिबात येत नाही. असली वस्तू घेऊन माणूस ग्रुपवर फोटो तरी कसला टाकणार? दुरुस्तीवाल्याने सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, बहुधा म्हणूनच तो अमलात आला नाही. हवेचे, तेलाचे आणि हातमजुरीचे मिळून चाळीस रुपये मात्र मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी कार्बनवाला नेहमीप्रमाणे नऊ वीसला निघाला आणि ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगत सुटला, "अरे, हवेने जबरदस्त फरक पडतो! कुणी बोलत कसं नाही याबद्दल?" दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो मोबाईलवर एक पंप बघत होता. डिजिटल काट्याचा, खिशात मावणारा, बॅटरीवर चालणारा. किंमत साडेचार हजार. शेजारच्या टेबलावरचे काका डबा उघडता उघडता म्हणाले, "छान आहे हो. वेळ किती लागतो?"